नानीचा हिवाळा



मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की माझी अम्मी धाकट्या बहिणीकडे कॅनडाला गेली, आणि म्हातारपणी दोन्ही मुलींच्या घरी मानाने राहायला मिळणं हे केवढं नशीब! तो लेख वाचून बऱ्याच भगिनींचे फोन आले. एकीने तर तो सुनेला वाचून दाखवल्याचं सांगितलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, नंतर त्या फोनची आठवण झाली की लाज वाटायची. कारण त्या लेखात मी निम्मीच गोष्ट सांगितली होती. आता अम्मी परत आली आहे. उरलेली निम्मी तिला विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण माझी पर्स फाटकी होती ते लिहू नकोस," एवढीच तिची अट. (पर्स पुढे येईल, पण चांगली होती असं समजा.)

अब्बांचा इंतकाल झाल्यापासून सहा वर्षं अम्मी माझ्याकडे होती. माझी शाळा, नववी-दहावीचे वर्ग, घरात ह्यांची शुगर, दोन मुलं. अम्मीचे गुडघे दुखतात, रात्री ती दोनदा उठते, आणि उठली की कधी कधी आपण कुठे आहोत हे तिला मिनिटभर कळत नाही. मग मी दिवा लावायचा, "अम्मी, इकडे" म्हणायचं, पाणी द्यायचं. लोकांना मी सांगायचे, आईची खिदमत जड होत नाही. जड होत होती. बहीण दरवर्षी म्हणायची, "आपा, आता माझ्याकडे पाठव," आणि व्हिसाचं पत्र आलं त्या दिवशी मी दोन रकात शुक्राण्याची नमाज पढले, ती अम्मीसाठी होती की माझ्यासाठी हे अल्लाहलाच ठाऊक.

ज्यांच्या घरून कुणी जाणार असेल त्यांच्यासाठी एवढं सांगते. आईवडील, आजी-आजोबांसाठी कॅनडाचा सुपर व्हिसा म्हणून वेगळा प्रकार आहे. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी किमान १ वर्षाचा, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि मुलाची किंवा मुलीची ठरावीक कमाई. कागदपत्रं सगळी बहिणीने केली. मी फक्त बॅग भरली. कोकम, सुकट, दोन स्वेटर. दोन! रत्नागिरीच्या बाजारात याहून जाड मिळत नाही म्हणून दुकानदाराने दाखवले तेच घेतले.

बहीण राहते एडमंटनला. आल्बर्टा प्रांताची राजधानी, उत्तर अक्षांश साडेत्रेपन्न. मी मराठी आणि उर्दू शिकवते. भूगोल शिकवत असते तर कदाचित आधी नकाशा उघडला असता. आपली रत्नागिरी सतरा अंशांवर. आपल्याकडे डिसेंबरातही सूर्य अकरा तास असतो. तिथे २१ डिसेंबरला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. मधले साडेसात तास तो दक्षिणेच्या बाजूने छपरांच्या जरा वरून सरपटत जातो, डोक्यावर येतच नाही.

सुरुवात छान होती. सप्टेंबरात झाडं पिवळी झाली, अम्मी अंगणात बसायची. माझे मेहुणे कुवेतला अकरा वर्षं काढून २०१६ मध्ये तिथे गेलेले, रात्रपाळीला एका गोदामात असतात. बहीण वृद्धांच्या एका निवासात काम करते. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं. भाची चौदा वर्षांची, भाचा नऊ. ऑक्टोबरात घरातल्या सगळ्यांचा नागरिकत्वाचा शपथविधी झाला. फोटोत सगळे लाल-पांढरे झेंडे धरून हसताहेत आणि अम्मी कडेला उभी आहे. आपल्या देशाचा कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागतो. हे अम्मीला शपथविधीनंतर, मिठाई खाताना कळलं. तिने बहिणीला विचारलं, "म्हणजे तू माझ्याकडे येशील तर पाहुणी?" बहिणीने हसून विषय बदलला. ऑक्टोबर संपताना पहिला बर्फ पडला. अम्मीने तो तळहातावर घेऊन मला व्हिडिओवर दाखवला, "फ्रीजरला लागतो तसाच आहे, उगाच कौतुक."

मग हिवाळा आला.

तिथल्या हिवाळ्याबद्दल आपल्याला वाटतं की त्रास थंडीचा. घराच्या आत थंडी नसते. तळघरात भट्टी असते, तिची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांतून येते, आत आपण साध्या कपड्यांत असतो. पण ती हवा इतकी कोरडी की अम्मीच्या नाकातून रक्त यायचं, आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसायचा. पहिल्यांदा ती घाबरून आयतुल कुर्सी पढली. गाड्यांच्या इंजिनाला रात्री विजेची तार जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी गाडी उठत नाही. फुटपाथवरचा बर्फ ज्याचं घर त्याने काढायचा, हा नगरपालिकेचा नियम. वुजू करून करून अम्मीच्या टाचा आणि हातांची बोटं उलली. मग मेहुण्यांनी चामड्याचे मोजे, खुफ्फैन, आणून दिले. पूर्ण वुजू करून ते घातले की घरी असणाऱ्याला एक दिवस एक रात्र पाय न धुता वरून ओला हात फिरवता येतो, मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री. मसह करायचा मसला अम्मीने लहानपणी मदरशात पाठ केला होता. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा वापरला. "इतकी वर्षं ही सवलत कुणासाठी आहे ते कळत नव्हतं," म्हणाली.

त्रास उजेडाचा होता, आणि वेळेचा. डिसेंबरचं तिथलं नमाजांचं वेळापत्रक बहिणीने मला पाठवलं होतं. फजर सात ते पावणेनऊ. जोहर साडेबारानंतर. आपण शाफई, आपली असर दोनच्या सुमाराला. मगरीब सव्वाचार. इशा सहा वाजता. म्हणजे साडेबारा ते सहा, एवढ्यात चार नमाजा उरकतात आणि पुढे सहापासून सकाळी सातपर्यंत नुसती रात्र. अम्मीचा दिवस आयुष्यभर नमाजांनी बांधलेला. फजरनंतर चहा, जोहरनंतर आडवं होणं, असरनंतर पडवीत बसणं. आमच्या पडवीत असरनंतर शेजारच्या दोघी-तिघी येतात, मासेवाली रिकामी टोपली घेऊन टेकते, कुणाची सून, कुणाचं सिझेरियन, सगळं तिथे कळतं. एडमंटनला असर होते तेव्हा मेहुणे रात्रपाळीची झोप घेत असतात, बहीण कामावर, मुलं शाळेत, आणि रस्त्यावर माणूस नाही.

फोनवर मात्र ती "बरी आहे" म्हणायची. हिवाळ्यात तिथल्या-इथल्या वेळेत साडेबारा तासांचा फरक असतो, मी रात्री नऊला फोन करायचे तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ. घाईची वेळ. "बरी आहे, मुलं निघालीत, ठेव." मीही ठेवायचे. खरं सांगते, सहा वर्षांनी पहिल्यांदा रात्रभर सलग झोपत होते.

जानेवारीत भाचीचा आवाजी संदेश आला. ती अर्धं इंग्रजीत, अर्धं घरच्या बोलीत बोलते. ती म्हणत होती, "खाला, अम्मीला सांगू नका. नानी रोज दोन वाजल्यापासून बुरखा घालून, पर्स मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसते. मी शाळेतून येते तेव्हा बसलेलीच असते. मी विचारलं, नानी, कुठे जायचंय? तर म्हणाली, जरा जाऊन येते. पण ती कुठेच जात नाही. अंधार झाला की बुरखा काढून ठेवते."

मी तो संदेश शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकला. दोनदा ऐकला. पुढच्या तासाला दहावीला पत्रलेखन होतं, ते कसं शिकवलं आठवत नाही.

त्या रात्री मी बहिणीला फोन केला आणि मोठी बहीण या नात्याने जेवढं बोलता येतं तेवढं बोलले. दुसऱ्यांच्या आया सांभाळतेस आणि स्वतःची आई खिडकीत बसवून ठेवलीस, असंही बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपा, मी रोज आठ जणींना आंघोळ घालते. घरी येते तेव्हा अम्मी झोपलेली असते, रात्री ती उठून भिंती चाचपत फिरते तेव्हा मी उठते. परवा ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती रात्री अशी उठते हे तू मला पाठवण्याआधी सांगितलं होतंस?"

नव्हतं सांगितलं. विसरले नव्हते. सांगितलं तर बहीण म्हणेल डॉक्टरांना दाखव, मग तपासण्या, मग विमा, मग पुढच्या वर्षी बघू, असं होईल म्हणून सांगितलं नव्हतं. ही ती निम्मी गोष्ट. मागच्या लेखात मी जे नशीब म्हणून लिहिलं, त्यात एवढं लपवलेलं होतं. फोनवर आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. शेवटी मीच म्हटलं, "माफ कर." ती म्हणाली, "जिन्याला आता फाटक लावलंय, लहान मुलांसाठी लावतात तसं."

यापुढचं श्रेय माझं नाही.

बहिणीने अम्मीला डॉक्टरांकडे नेलं. रात्रीच्या गोंधळासाठी तपासण्या झाल्या, एक औषध बदललं, रात्री खोलीत आणि जिन्यावर मंद दिवे ठेवायला सांगितले. खिडकीत बसण्याबद्दल ऐकून त्या डॉक्टर बाईंना नवल वाटलं नाही. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात उजेड कमी झाला की अनेकांचं मन उतरतं, झोप आणि भूक बिघडते. याला तिथे आजार म्हणूनच बघतात, आळस किंवा नाशुक्री म्हणून नाही. त्यावर उपाय म्हणून दहा हजार लक्सचा एक दिवा मिळतो, सकाळी अर्धा तास त्याच्या समोर बसायचं, दिव्याकडे टक लावायची नाही, वाचत बसलं तरी चालतं. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आणि सूर्य असेल तेवढ्यात रोज बाहेर पाऊल टाकायचं, उणे पंधरा असलं तरी.

अम्मीने त्या दिव्याचं नाव ठेवलं 'उन्हाचा डबा'. फजरनंतर ती डब्यासमोर कुरआन घेऊन बसायची. भाच्याला शाळेआधी अर्धा तास मोकळा असायचा, तो शेजारी येऊन बसायला लागला. त्याचं नाजरा ऑनलाइन उस्तादांकडे चालू होतं, सतरावा पारा. आठवड्यातून दोन दिवस, स्क्रीनवर. अम्मीने पहिल्याच दिवशी त्याचा 'काफ' थांबवला. घशातला काफ आणि जिभेचा काफ तो एकच म्हणत होता. तिने त्याच्या गळ्यावर बोट ठेवून कुठून काढायचा ते दाखवलं. तो हसला, खोकला, पुन्हा म्हणाला. स्क्रीनवरून गळ्यावर बोट ठेवता येत नाही. उस्तादांची चूक नाही त्यात.

बहिणीने आठवड्याची एक पाळी सोडली. तिच्या घरात एक पाळी म्हणजे किराणा. ती हे सहज बोलली, मी तितकं सहज ऐकू शकले नाही. त्या दिवशी ती अम्मीला जवळच्या मशिदीत बायकांच्या बैठकीला न्यायला लागली. सोमाली, लेबनानी, पाकिस्तानी बायका, आणि एक हैदराबादी वयस्क बाई, जिची दखनी ऐकून अम्मीने म्हणे तिचा हातच सोडला नाही. बुरखा आता खरोखरच बाहेर जायला वापरात आला.

बाहेर चालायला शिकवलं शेजारणीने. ती एकटी राहते, तिचे आजी-आजोबा युक्रेनमधून आलेले, वय अम्मीएवढंच. बर्फावर पेंग्विनसारखं चालायचं : पावलं छोटी आणि सपाट, अंग जरा पुढे, हात खिशाबाहेर. अम्मीला पेंग्विन माहीत नव्हता, तिने करून दाखवला. भाचीने लपून घेतलेला तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. दोन सत्तरी ओलांडलेल्या बायका फुटपाथवर डुलत चालल्या आहेत, एक बुरख्यावर जाड जॅकेट घातलेली, दुसरी लाल टोपीत. फेब्रुवारीत पारा उणे ३० ला गेला तेव्हा अम्मीच्या दारातला बर्फ त्या बाईंनी उपसला होता. बदल्यात अम्मीने सांदणं पाठवली. त्या बाईंनी पेरोगी पाठवले, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्याच. अम्मीने आधी भाचीला पाठवून आत डुकराची चरबी तर नाही ना ते विचारून घेतलं. बाई रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी लोण्याचं पाकीटच दाखवायला घेऊन आल्या.

सांदणांचंही सांगते, तिकडे असणाऱ्या आपल्या मुलींना उपयोगी पडेल. त्या हवेत पीठ फुगत नाही. ओव्हन पेटवायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा आणि पातेलं झाकून रात्रभर आत ठेवायचं. सकाळी वर आलेलं असतं.

रमजान तिथे १ मार्चला, शनिवारी सुरू झाला. पहिली इफ्तार सव्वासहाच्या आत, आणि शेवटच्या रोज्याला आठ वाजून गेलेले! मार्चमध्ये तिथला दिवस रोज चार मिनिटांनी वाढतो, शिवाय ९ तारखेला सरकारनेच घड्याळं एक तास पुढे केली. भाच्याने पहिला रोजा पहिल्याच शनिवारी धरला, दिवस लहान आहे तोवर, हुशार आहे. नाजरा सव्विसाव्या रोज्याला पूर्ण झाला. शेवटच्या सूरा त्याने अम्मीसमोर, फोनवर मला आणि माझ्या मुलांना ऐकवत पढल्या. इथे आमची सहरी आटोपत होती, तिथे त्यांची इफ्तार अजून व्हायची होती. काफ दोन्ही बरोबर आले. त्यांची ईद ३० ला, आमची ३१ ला. अम्मीने आयुष्यात पहिल्यांदा आमच्या आधी ईद केली.

उन्हाळ्याचं थोडक्यात. तो दुसऱ्या टोकाचा. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पाचला उगवतो, आकाशातला उजेड मध्यरात्रीही पुरता जात नाही. इशाची वेळ कुठली धरायची यावर उलेमांनी हिशेब बसवून दिलेले आहेत, मशिदीचं वेळापत्रक पाळायचं. अम्मी तेव्हा अकरा वाजता बाहेर बसून वाटाणे सोलत असे.

त्यांनी तिला फोर्ट एडमंटन पार्कला नेलं. तिथे जुन्या इमारती आणून ठेवल्या आहेत. त्यात अल-रशीद मशीद आहे, १९३८ मध्ये बांधलेली, कॅनडातली पहिली. बांधणारा कंत्राटदार युक्रेनी, त्याने चर्चेस बांधलेली, त्यामुळे मशीदही दुरून तशीच दिसते. पैसे उभे करण्यात पुढे होत्या बायका. हिलवी हमदान नावाच्या लेबनानहून आलेल्या बाई, त्यांनी मैत्रिणींना घेऊन महापौरांकडे जागा मागितली आणि बाजारात दुकानादुकानांतून वर्गणी गोळा केली, मुसलमानांकडून, ख्रिश्चनांकडून, ज्यूंकडून. आता त्यांच्या नावाची शाळा आहे शहरात. उद्घाटनाला आले होते कुरआनचे इंग्रजी अनुवादक अब्दुल्ला यूसुफ अली, आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले. तेही डिसेंबरात. अम्मीने एवढंच विचारलं, "त्यांना कुणी बर्फात चालायला शिकवलं असेल?"

जुलैत जास्पर. एडमंटनहून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक. २०२४ च्या जुलैत वणवा लागून गावाचा मोठा भाग जळाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी खोडं आणि खाली जांभळट गुलाबी फुलांचे ताटवे. पुढे शंभर किलोमीटरवर अथाबास्का हिमनदी. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर वर्षांच्या पाट्या आहेत, त्या त्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता ते दाखवणाऱ्या. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे. अम्मी गुडघ्यांमुळे १९८२ च्या पाटीपर्यंतच गेली. ते बहिणीचं जन्मवर्ष. दोघींचा फोटो आहे तिथे, पाटीला टेकून. मागे बर्फ खूप लांब दिसतो.

सप्टेंबरात अम्मी परत आली. बॅगेत चामड्याचे मोजे आणि उन्हाचा डबा. "इथे काय करायचाय?" मी म्हटलं, तर म्हणाली, "पावसाळ्यात लावू." रात्री ती अजून उठते. आता माझ्या घरातही जिन्यावर मंद दिवा आहे, आणि आठवड्यातून दोन रात्री माझा मुलगा तिच्या खोलीत झोपतो. हे मी सहा वर्षांपूर्वीही करू शकले असते.

व्हिसा अजून शिल्लक आहे. बहीण दर आठवड्याला विचारते, मी विचारत नाही. अम्मीने माझ्या मुलाकडून फोनवर एडमंटनचं हवामान बघायला शिकून घेतलंय. फजरनंतर चहा पिताना ती मला आकडा सांगते. काल उणे बारा होतं. म्हणाली, "शेजारीण आज बर्फ काढत असेल, तिला सांग हात खिशाबाहेर ठेव म्हणावं." मी बहिणीला तसा निरोप पाठवला. आणि मागून ती म्हणाली, "कोकम सुकवलंयस ना जास्तीचं?" कुणासाठी ते तिने सांगितलं नाही.